रात्रीचं पाणी, रात्रीचं लिखाण: पहिलं पुस्तक कसं झालं

२०२४ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझा पहिला कथासंग्रह छापून हातात आला. तेव्हापासून चोपडा, धरणगाव, शिरपूर, पारोळा अशा ठिकाणांहून अधूनमधून फोन येतात. फोन करणारे बहुतेक शेतकरी. काही शिक्षक, एक एसटीचे कंडक्टर, काही ताई. विचारायचं जवळपास तेच असतं. शेती, घर, नोकरी सांभाळून लिहायला वेळ कधी मिळाला? आणि लिहून झालं तर पुढे कुठे जायचं, पैसे किती लागतात? मी सुरुवात केली तेव्हा हे एका जागी सांगणारं मला कुणी भेटलं नाही. म्हणून तारखा, खर्च, अर्ज यांसकट लिहून काढतोय. पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही, हा लेख त्याच्या जाहिरातीसाठी नाही.

वेळ मिळाला तो रात्री. तेव्हा आधी रात्रीबद्दलच.

आमचं शिवार चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला. हवा स्वच्छ असली की सातपुड्याची रांग दिसते. थोडी केळी ठिबकवर, बाकी कापूस, आणि रब्बीत गहू, हरभरा. विहिरीवर साडेसात एचपीची मोटर. शेतीची थ्री फेज लाईट आमच्या फीडरला, म्हणजे शिवाराला वीज देणाऱ्या लाईनीला, आळीपाळीने यायची, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की जेवून, बॅटरी आणि काठी घेऊन मळ्यात जायचं आणि लाईट जाईपर्यंत पाणी भरायचं. खान्देशात हे कुणाला समजावून सांगायला नको. पण ज्यांनी कधी रात्री पाणी भरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, या कामात हात थोडा वेळ चालतात आणि बाकी वेळ वाट बघायची असते.

२०२१ च्या डिसेंबरात गव्हाचं पहिलं पाणी होतं. गव्हाला हे पाणी पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी लागतं, मुकुटमुळं फुटायच्या वेळी, आणि ते चुकवून चालत नाही. दांडातून, म्हणजे पाटातून, पाणी वाफ्यात सोडलं की ते वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायला आमच्या काळ्या जमिनीत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कोरड्या ढेकळांमधून पाणी जाताना बारीक बुडबुड्यांचा आवाज येत राहतो, आणि वाफा भरत आला की तो आवाज मंदावतो. कानाला सवय झाली की बॅटरी मारून बघावंही लागत नाही. मग उठायचं, फावड्याने मातीचा बांध इकडचा तिकडे करायचा, पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, आणि परत बांधावर येऊन बसायचं.

त्या मोकळ्या वेळात माणसं मोबाईल बघतात, बिडी ओढतात, डुलकी काढतात. माझ्याजवळ खताच्या हिशेबाची वही होती. तिच्या मागच्या पानांवर मी एका म्हाताऱ्या सालदाराबद्दल, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याबद्दल, लिहायला लागलो. मी लहान असताना तो आमच्याकडे होता आणि एका आखाजीला सालाचा हिशेब करून निघून गेला तो परत आलाच नाही. कॉलेजात असताना मी दोन-चार कविता केल्या होत्या, त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं काही नाही. त्या रात्री लाईट गेली तेव्हा मागची सहा पानं भरली होती. शेजारच्या मळ्यातले आप्पा मोटर बंद करून जाताना बांधावर थांबले आणि म्हणाले, "काय आबा, हिसाब लिखी ऱ्हायना का?" मी हो म्हटलं.

रात्रीचं मला सगळ्यात जास्त काय भावलं, तर त्या वेळेवर कुणाचा हक्क नसतो. दिवसा आपल्यावर सगळ्यांचा हक्क असतो. मजूर किती वाजता येणार, खताच्या दुकानाची उधारी, सोसायटीची सभा, कुणाचं लग्न, कुणाचं दहावं. त्यात वाईट काही नाही, गावात राहायचं तर ते केलंच पाहिजे. पण डोक्यात एखादं वाक्य तयार व्हायला लागलं की त्याला थोडा वेळ कुणी हाक मारता कामा नये. रात्री अकरानंतर मला हाक मारणारं कुणी नव्हतं. पाणी होतं, त्याची हाक ठरलेली होती, आणि तिच्यामुळे उलट शिस्तच लागली. एक वाफा भरेपर्यंत एक परिच्छेद. उठून फावडं मारून परत येईपर्यंत पुढचं वाक्य सुचलेलं असायचं. माझी वाक्यं छोटी आहेत असं वाचणारे सांगतात, त्याचं कारण हे वाफे आहेत.

आणखी एक कारण जुनं आहे. आमच्याकडे गोष्ट ऐकायची ती रात्रीच. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अंथरुणं टाकून सगळं घर वर झोपायचं, आणि माय अहिराणीतून, आमच्या खान्देशी बोलीतून, गोष्टी सांगायची. श्रावणात कानबाई देवी बसली की रात्रभर जागरण. रोट, गाणी, फुगड्या, आणि पहाटेकडे म्हाताऱ्या बाया दिवसा कधी बोलणार नाहीत असं काहीबाही बोलायच्या. कोणती सासू कशी वागली, कोण माहेरी न सांगता निघून गेली. दिवसा त्याच बाया डोक्यावर पदर घेऊन गप्प. अंधारात माणूस मोकळं बोलतं हे मी लहानपणापासून बघत आलोय. माझ्या नऊ कथांपैकी चार तिथल्या आहेत.

नंतर मी याबद्दल थोडं वाचलं. मारेके वीथ आणि रोझ झॅक्स या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या कोड्यांचं उत्तर एकदम, वेगळ्या वाटेने सुचावं लागतं, ती कोडी माणसं आपल्या ताजेपणाच्या वेळेपेक्षा थकलेल्या वेळी जास्त चांगली सोडवतात असं त्यांना आढळलं. म्हणजे सकाळी तल्लख असणाऱ्याला ती रात्री जमतात आणि रात्रीच्या माणसाला सकाळी. पायरीपायरीने विचार करायच्या गणितांत मात्र असा फरक दिसला नाही. थकलेलं मन लक्ष एका जागी धरून ठेवत नाही, इकडेतिकडे भटकतं, आणि भटकताना कधी कधी हवं ते हाताला लागतं. मी मूळचा सकाळचा माणूस आहे. रात्री मला का सुचतं याचा मला त्यातून उलगडा झाला.

दुसरा अभ्यास पॅरिसमधला, २०२१ चा. त्यात लोकांना गणिताचं एक काम दिलं होतं, ज्यात सोपी वाट लपलेली होती. मध्ये त्यांना अंधारात, हातात एक वस्तू धरून आराम करायला सांगितलं. झोप गाढ व्हायला लागली की वस्तू पडणार आणि जाग येणार. ज्यांना झोपेच्या अगदी पहिल्या टप्प्यात पंधरा सेकंद तरी मिळाले, त्यांच्यातल्या ८३ टक्के लोकांना ती वाट सापडली. जागे राहिलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होतं. आणि जे त्यापुढे गाढ झोपेत गेले, त्यांचा फायदा नाहीसा झाला. हे वाचलं तेव्हा मला फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून काढलेल्या डुलक्या आठवल्या. सालदाराच्या कथेचा शेवट अशाच एका डुलकीत सुचला. तो परत का आला नाही हे मला कळत नव्हतं, दांडा हातातून निसटला आणि एकदम कळलं. तेव्हापासून डुलकी लागली तर मी मनाशी भांडत नाही, फक्त वही मांडीवर उघडी ठेवतो. जाग आल्यावर मिनिटभरात लिहिलं नाही तर ते जातं.

सामानाबद्दल सांगतो, कारण छोट्या गोष्टींनीच काम अडतं. पुठ्ठा बांधणीची, मोठी, दोनशे पानी वही घ्या. सुटे कागद वाऱ्याने जातात. डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीनंतर दहिवर पडतं, कागद ओलसर होतो, त्यावर जेल पेनाची शाई फुटते आणि बॉलपेन घसरतं. साधी पेन्सिल सगळ्यात चांगली. डोक्याला बांधायची बॅटरी दीड-दोनशे रुपयांत मिळते. तिच्यावर लाल जिलेटीनचा कागद लावला तर उजेड डोळ्यांवर येत नाही आणि किडेही कमी येतात. मोबाईल पिशवीत ठेवा. त्याच्या निळसर उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं हा एक भाग झाला, पण खरं म्हणजे मोबाईल हातात आला की दिवस परत सुरू होतो. आणि गमबूट घाला, काहीही झालं तरी. मण्यार रात्रीच फिरते, आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही.

झोपेचं गणित मला नीट मांडावं लागलं. रात्रपाळीची लाईट संपली तरी सकाळी मजूर येतातच. पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी पित्त, डोकेदुखी, चिडचिड असं सगळं सुरू झालं. चोपड्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की औषध देतो, पण झोपेची वेळ बांधून घ्या. शरीरात पेशी-पेशीला घड्याळ असतं. ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने वर्षानुवर्षं केलेली रात्रपाळी २००७ मध्येच 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकली. तेव्हा रात्री लिहायचं असेल तर दिवसाची झोप हक्काची हवी. पाण्याच्या रात्रीनंतर मी दुपारी जेवून दोन तास झोपायला लागलो. पाण्याची रात्र नसेल तेव्हा नऊला झोपून पहाटे साडेतीनला उठायला लागलो. पहाटेचे दोन तास मध्यरात्रीइतकेच शांत असतात आणि शरीराला झेपतात. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, विशेषतः ज्या ताया लिहितात, त्यांना मी ही पहाटच सुचवतो. माझ्या बायकोने या काळात घर कसं सावरलं हे वेगळं लिहायला हवं. दुपारी मी झोपलेलो असताना कुणी आलं तर ती सांगायची, "रात्री पाणी भरलंय, संध्याकाळी या." लिहितो म्हणून झोपलाय असं सांगितलं असतं तर कुणी समजून घेतलं नसतं.

रात्रीचं लिखाण रात्री तपासायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. रात्री सगळंच उत्कट वाटतं. तपासायला खान्देशात देवानेच वेळ दिलाय, एप्रिल-मेच्या दुपारी. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, बारा ते चार कुणी बाहेर पडत नाही. कूलरसमोर चटईवर बसून मी हिवाळ्यातल्या वह्या काढायचो आणि लाल पेनाने खोडायचो. दुपारच्या उन्हात जे वाक्य टिकलं ते ठेवलं. कितीतरी वाक्यांत 'अंधार' आणि 'चांदणं' विनाकारण आलेलं होतं, ती गेली. एका कथेची अठरा पानं होती, त्यांची सात झाली.

असे दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे गेले. २०२३ च्या जूनमध्ये, पेरणीच्या आधी, नऊ कथा पक्क्या झाल्या. गावातल्या शाळेचे निवृत्त गुरुजी आणि माझी चुलत बहीण यांनी त्या वाचल्या. गुरुजींनी शुद्धलेखन सांगितलं. बहिणीने एका कथेतली बाई खोटी वाटते असं सांगितलं, आणि ते जास्त कामाचं ठरलं. ती कथा मी पावसाळ्यात परत लिहिली.

टायपिंग मी मोबाईलवरच युनिकोडमध्ये केलं. मराठी बोलून टाईप करायची सोय कथनाला चांगली चालली, पण संवाद अहिराणीत होते, तिथे ती काहीच्या काही लिहायची. ते सगळे बोटाने टाईप केले. त्याला सप्टेंबर उजाडला. एक सांगतो, ज्या छापखान्यात जाणार आहात तिथे आधीच विचारा की ते युनिकोड घेतात की श्रीलिपी वापरतात. आमच्याकडचे बरेच डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं जुळवणारे, अजून श्रीलिपीत काम करतात. फाईल एका फाँटमधून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं तुटतात, रफार भलतीकडे जातो, आणि प्रुफाचं, म्हणजे छपाईआधी चुका तपासायचं, काम दुप्पट होतं.

मग कागदपत्रं. पहिली भीती सगळ्यांना असते ती चोरीची. कायद्याने, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, तुम्ही लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो, आणि तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर नोंदणीचा उतारा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. मी नोंदणी केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडलं, चौदा क्रमांकाचा फॉर्म भरला, त्यासोबतची दोन विवरणपत्रं भरली, साहित्यकृतीची फी ५०० रुपये ऑनलाइन भरली. लगेच डायरी नंबर मिळतो, तो जपून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावरच होते. त्यानंतर ३० दिवस कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता यावी म्हणून थांबावंच लागतं. मग तपासणी. मला उतारा मिळाला ऑगस्ट २०२४ मध्ये. तोवर छपाई थांबवायची गरज नसते. फॉर्ममध्ये कृती प्रकाशित की अप्रकाशित असं विचारतात. मी छपाईच्या आधी अर्ज केला म्हणून अप्रकाशित लिहिलं. तुमचं नाव आधार कार्डावर जसं आहे अगदी तसंच लिहा.

दुसरी गोष्ट आयएसबीएन, पुस्तकाच्या मागे बारकोडवर असतो तो तेरा अंकी नंबर. हा नंबर आपल्या देशात फुकट मिळतो. दिल्लीतली राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो देते, ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे, आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही ऑनलाइन अर्ज करू शकतो. हे ठळक सांगतो, कारण मला एका मध्यस्थाने यासाठी साडेतीन हजार मागितले होते. ओळखपत्र, पत्ता, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान तयार असलं की अर्ध्या तासात अर्ज होतो. फाईलचा आकार ठरलेल्या मर्यादेत लागतो, मोबाईलवर फोटो लहान करून घ्या. मी फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज केला, मार्चमध्ये नंबर आला. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे नंबर लागतात. नंबर हातात येईपर्यंत मुखपृष्ठ छापायला देऊ नका.

याच काळात, २ ते ४ फेब्रुवारी २०२४ ला, अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मी एसटीने गेलो. साने गुरुजी ज्या गावात शिक्षक होते, तिथे त्यांच्याच नावाच्या साहित्यनगरीत पुस्तकांचे गाळे लागलेले बघून भरून आलं. मी ग्रंथदालनात फिरून प्रकाशकांशी बोललो. बहुतेकांनी नीट ऐकून घेतलं, कुणी वाट बघायला सांगितलं, कुणी सरळ सांगितलं की नव्या लेखकाचा कथासंग्रह विकला जात नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, त्याचीही माहिती घेतली. पहिलं पुस्तक असेल तर तिची जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेवा, हे मी सगळ्यांना सांगतो. मी तिकडे गेलो नाही याचं कारण एवढंच की निवडीला वेळ लागतो, आणि मला पुस्तक आखाजीच्या आत मायच्या हातात द्यायचं होतं. तेव्हा तिचं वय ८१ होतं.

म्हणून स्वतःच छापलं. जळगावच्या एका छापखान्यात. डेमी आकार, १४४ पानं म्हणजे सोळा पानी नऊ फर्मे, ३०० प्रती. डीटीपी पानाला ४० रुपयांप्रमाणे ५,७६०, प्रूफवाचन पानाला २० प्रमाणे २,८८०, मुखपृष्ठ ३,०००, कागद, छपाई आणि बांधणी मिळून २७,०००. कॉपीराइटचे ५०० धरून एकूण ३९,१४०. केळीच्या एका कटाईतून हे पैसे बाजूला ठेवले होते. छापखान्याला एकदम सगळे पैसे देऊ नका. अर्धे आधी, अर्धे प्रती मोजून घेतल्यावर. आणि दर ठरवताना कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती जाड, आणि कोणत्या रंगाचा हे बिलावर लिहून घ्या. मी ७० जीएसएमचा, किंचित पिवळसर घेतला, पांढऱ्याशुभ्र कागदावर रात्री दिव्याखाली वाचताना डोळ्यांना त्रास होतो.

खरा धक्का पहिल्या प्रुफात बसला. प्रूफ तपासणाऱ्यांनी अहिराणी संवाद सगळे 'दुरुस्त' केले होते. 'माले'चं 'मला', 'शे'चं 'आहे', 'तुले'चं 'तुला'. म्हाताऱ्या सालदाराच्या तोंडी पुण्याची भाषा. त्यांनी त्यांचं काम मन लावून केलं होतं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की हे असंच हवंय. पण ती पानं बघून माझे हात थरथरायला लागले. दोन हिवाळे ज्या आवाजांसाठी बसलो तेच आवाज नाहीसे झाले होते. छापखान्याने मूळ फाईल ठेवली होती, तिच्यावरून संवाद परत घातले. बोलीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: फाईल देताना सोबत एक पान द्या, त्यावर बोलीतले नेहमी येणारे शब्द लिहा आणि वर ठळक लिहा की अवतरणचिन्हांतलं काही बदलायचं नाही. दुसरं आणि तिसरं प्रूफ मी स्वतः वाचलं. पहिल्यांदाच दिवसा, मोठ्याने, मायला समोर बसवून. ती मध्येच थांबवायची, "आसं नही बोलत ती," आणि दुरुस्ती सांगायची. अहिराणीचं प्रूफवाचन तिने केलं असं मी श्रेयपानावर छापलंय.

पुस्तकं ६ मेला आली. आखाजी १० तारखेला होती. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, माहेरवाशिणी आलेल्या, आणि बहिणीने जेवणानंतर एक कथा वाचून दाखवली. मायला अक्षर ओळख नाही. तिने पुस्तक उघडून पानांवरून हात फिरवला आणि विचारलं, "मन्ही गोट कोनता पानवर शे?" मी पान दाखवलं. तिने तिथे कोपरा दुमडून ठेवला.

विक्रीबद्दल थोडक्यात: वर्षभरात निम्म्याच्या वर प्रती गेल्या, बहुतेक ओळखीने, काही वाचनालयांत. छपाईचा सगळा खर्च अजून निघालेला नाही. कुणी तुम्हाला पहिल्या पुस्तकातून कमाईचं सांगत असेल तर सावध राहा.

छापून झाल्यावरचं एक काम बहुतेकांना माहीत नसतं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते. स्वतः छापलं म्हणजे प्रकाशक आपणच. मी चारही प्रती चोपड्याच्या पोस्टातून पाठवल्या आणि पावत्या फाईलला लावल्या. आपल्या गावच्या सालदाराची गोष्ट कोलकात्याच्या ग्रंथालयात जपून ठेवली जाईल, हे मला त्या सगळ्या धावपळीत सगळ्यात जास्त समाधान देणारं वाटलं.

आता रात्रीचं पाणी बंद झालंय. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत आमचा फीडर गेला आणि थ्री फेज लाईट दिवसा यायला लागली. याचा मला मनापासून आनंद आहे. रात्री पाणी भरताना साप चावून, शॉक लागून माणसं गेलीत, सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची भीती वेगळीच. लिहायला रात्र हवी म्हणून कुणाला अंधारात चिखलात उभं करावं असं मी कधीही म्हणणार नाही. रात्र घरातही मिळते. मी साडेतीनचा अलार्म लावतो, मागच्या खोलीत बसतो, वही तसलीच, पेन्सिल तसलीच. सुरुवातीला वाफ्याशिवाय जमेना, परिच्छेद संपतच नव्हता. मग वीस-बावीस मिनिटांनी उठून अंगणात एक चक्कर मारायला लागलो. दुसऱ्या वहीची साठेक पानं झालीत, या वेळी कादंबरी आहे.

ज्यांना फॉर्म भरताना अडतं त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत आमच्या गावच्या वाचनालयात या. मी तिथे असतो आणि तिथे इंटरनेट चालतं. येताना आधार कार्ड, पुस्तकाची पीडीएफ आणि मुखपृष्ठाची फाईल पेन ड्राइव्हमध्ये आणा, आणि ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो चार्ज करून आणा. आयएसबीएनचा अर्ज एका बैठकीत होतो. कॉपीराइटच्या फॉर्मला दोन रविवार धरा.